सारखीच वाकडी फुलपाखरं

"फुलपाखराला चपला?" मोठ्या बाईंनी तो कागद मेलेल्या पालीसारखा दोन बोटांत धरला. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका; अंगानं तशा बारीकच होत्या.

"पाय मळतात म्हणून घातल्यात," हस्तकलेच्या बाई म्हणाल्या. मुलं त्यांना डिंकबाई म्हणत. त्यांच्या बोटांना कायम डिंक असे, आणि वर्गातली निम्मी चमकी त्यांच्या कोपराला.

"आणि ह्याला तीन पंख?"

"दोन चालू. एक स्टेपनी. जिनं केलंय तिचे वडील गॅरेजात असतात."

बालवर्गानं अख्खा आठवडा फुलपाखरांत घालवला होता. अळी होऊन सरपटून झालं, कोष होऊन झालं. एक मुलगा कोष म्हणून चादरीत शिरला तो थेट घरी जायच्या वेळेला बाहेर आला. मग कुठे कागद, रंग आणि डिंक.

"उद्या पालक प्रदर्शन बघायला येणार," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्यांना हे अपघातग्रस्त दाखवू? सगळी एकसारखी पाहिजेत. आज बसून नवी करा आणि खाली मुलांची नावं लावा."

"पण मग ती मुलांची कशी?"

"नावं मुलांचीच असणार ना!"

डिंकबाईंच्या तळपायाची आग मस्तकाकडे निघाली, पण तोंडापर्यंत पोचली नाही. मधेच कुठेतरी नोकरी आडवी आली. मुलांची फुलपाखरं त्यांनी स्वतःच्या हातांनी पोत्यात भरली. पोतं कचऱ्याच्या गाडीत गेलं.

शाळा सुटल्यावर सगळे शिक्षक कात्र्या घेऊन बसले. गणिताच्या सरांनी आधी कंपासपेटी उघडली. त्यांची फुलपाखरं इतकी नेमकी यायला लागली की मोठ्या बाई घाबरल्या.

"अहो सर, जरा वाकडी कापा. मुलांनी केल्यासारखी वाटायला नकोत?"

"किती वाकडी?"

"थोडी."

"डावीकडे की उजवीकडे?"

"कुठेही हो! पण सगळी सारखीच वाकडी!"

सरांनी वाकडेपणाचा पुठ्ठ्याचा साचा बनवला. डिंकबाई त्यावर पेन्सिल फिरवत राहिल्या आणि मनातल्या मनात त्यांनी मोठ्या बाईंना चादरीत गुंडाळून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेचा हॉल भरला. दोऱ्यांवर फुलपाखरं कवायतीला उभी होती. आपल्या मुलाचं फुलपाखरू शेजारच्या मुलाच्या फुलपाखरापेक्षा कसं सरस आहे, हे पालक एकमेकांना पटवून देत होते.

गॅरेजवाले मुलीला खांद्यावर घेऊन आले. "हे बघ तुझं नाव! काय छान केलंयस गं!"

"हे माझं नाही."

"अगं, खाली नाव आहे की."

"नाव माझंय. फुलपाखरू माझं नाही. माझ्याला स्टेपनी होती."

मोठ्या बाई हसत पुढे आल्या. "एवढंसं वय, विसरतात हो. बाळ, तूच केलंस ना हे? मी स्वतः बघितलं तुला करताना."

मुलीनं ठाम नकारार्थी मान हलवली. चारचौघांत वडिलांचा चेहरा उतरला. त्यांनी तिला खाली उतरवलं. "मग काय, मोठ्या बाई खोटं बोलतायत? खोटं बोलायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलंय तुला? म्हण, सॉरी म्हण."

मुलगी रडली नाही. तिनं डिंकबाईंकडे बघितलं, आता तुम्हीच काय ते सांगा, असं.

काल मधेच अडलेली आग आज नोकरी आडवी यायच्या आत तोंडापर्यंत आली.

"ती खोटं बोलत नाहीये. हे मी केलंय."

"बाई जरा दमल्यात," मोठ्या बाई म्हणाल्या.

"दमले असते तर गप्प बसले असते. हे माझं, ते शेजारचं संगीताच्या बाईंचं आणि पलीकडची सगळी रांग गणिताच्या सरांची. एवढ्याशा पोरीला कसली माफी मागायला लावताय? एक तर आपण शिक्षकांनी तिचं फुलपाखरू घेतलं, वर तिलाच खोटं ठरवतोय! लाज वाटायला पाहिजे आपल्याला."

पालकांच्या माना दोऱ्यांकडे वळल्या.

"मग हिचं कुठंय?" वडिलांनी विचारलं.

इथे मात्र डिंकबाईंचा आवाज खाली आला. "टाकलं. मीच पोत्यात भरलं."

वडील मुलीसमोर उकिडवे बसले. रांगेभर पालक आपापल्या मुलांच्या कानाशी वाकून हळूच काहीतरी विचारू लागले, आणि एकेक छोटी मान नाही म्हणून हलत गेली.

"उद्या सकाळी ऑफिसात या," मोठ्या बाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"येते."

डिंकबाईंनी खुर्ची ओढली, वर चढल्या आणि पहिलं फुलपाखरू दोऱ्यावरून सोडवायला लागल्या. खुर्चीचा एक पाय आखूड होता, ती डुगडुगली. कोपऱ्यातून गणिताचे सर आले. खाली वाकून त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.