सूर्यचुलीचे तोंड

डिसेंबरातले सकाळचे ऊन आमच्या धरमपेठेतल्या अंगणात कधी घाईने येत नसे. आधी ते शेजारच्या कडुनिंबाच्या शेंड्यावर थांबे, मग भिंतीच्या कडेने उतरत पायरीवर येई, आणि पायरीवरून अंगणात पसरताना दोन फरश्यांमधल्या मातीच्या रेघाही एकेक करून उजळीत जाई. दोरीवरच्या ओल्या लुगड्यातून ते गाळून येई तेव्हा जमिनीवर फिकट निळी सावली हलत राही. मी ते पाहत उभा राही. माणसांशी बोलण्यापेक्षा मला हे सोपे वाटे.

त्याच उन्हावर आमचे वरण शिजत असे. रॉकेलच्या रांगा, आखातातले युद्ध, जमिनीतले तेल संपत चालल्याचे लेख, या साऱ्याने अस्वस्थ होऊन मी मोपेड विकली होती आणि सीताबर्डीच्या ऑफिसात सायकलने जात होतो. उन्हाळ्यात सूर्यचूल आणली: आतून काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा. वर्ध्याला राहणारा माझा थोरला भाऊ, दादा, या खुळाला हसला. आईने मात्र सूर्यचूल पहिल्याच दिवशी आपली मानली. स्टोव्हवर तिचा पदर दोनदा जळाला होता. त्या स्टोव्हचे भेव वाटते, देऊन टाक त्याले, असे ती वारंवार म्हणे. आणि मला वाटे, माझे विचार निदान एका माणसाला तरी पटले.

शेजारच्या यमुताईंनी मला एकदा फाटकाशी थांबवले होते. आई दूध भांड्याबाहेर ओतते, तिला डॉक्टरकडे ने, असे त्या म्हणाल्या. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असे पुटपुटून मी निघून आलो होतो.

त्या रविवारी स्टोव्ह भंगारवाल्याला द्यायचा होता. तो उचलून मी दारात आलो आणि जागीच थिजलो.

आई पेटीजवळ बसली होती. आरशाचे तोंड पश्चिमेच्या भिंतीकडे होते. सूर्य तिच्या पाठीशी होता. काचेवर तिचीच सावली पडली होती. भिंतीपलीकडे यमुताईंचा आंघोळीच्या पाण्याचा बंब दगडी कोळशावर रसरसत होता, आणि त्याची धग ठेंगण्या भिंतीवरून अलीकडे येत होती. आईने तळहात हवेत धरला, ऊब कुठून येते ते अजमावले, आणि पेटी बंबाकडे आणखी थोडी वळवली. मग समाधानाने हात पदराला पुसले.

"काहून वं अंजना, माझ्या बंबावर वरण शिजवून राहिली का?" यमुताई भिंतीवरून म्हणाल्या आणि हसल्या. आईचा चेहरा पाहताच त्यांचे हसू अर्ध्यावर राहिले. बादली तशीच टाकून त्या आत गेल्या.

स्टोव्हमधले तेल डचमळत होते.

"आई, ऊन इकडे आहे," मी म्हणालो.

"उन्हाळ्यात हाताले बरोबर लागे," ती म्हणाली. "थंडीत समजत नाही, बाबू."

स्टोव्ह मांडीवर घेऊन मी तिच्याजवळ बसलो. उद्याच सीताबर्डीला जाऊ, चष्मा बदलू, या वेळी हलक्या काड्यांचा घेऊ, असे कितीतरी सांगत राहिलो. बोलत होतो तोवर तिच्या डोळ्यांकडे पाहावे लागत नव्हते.

"दादाले कळवू नको," ती मध्येच म्हणाली. "तो मले वर्ध्याले नेईन अन् खाटेवर बसवून ठेवीन. मले माझ्या हातानं रांधू दे."

मग नेहमीसारखा माझा गाल कुरवाळायला तिने हात पुढे केला. तो माझ्यापर्यंत आला नाही. मांडीवरच्या स्टोव्हच्या पितळी टाकीला लागला, आणि गार धातू कळताच दचकून तिथेच राहिला.

आईला दिसत नव्हते.