गोल्डफिशची एकादशी

मनकर्णाबाईनं राजघाटाच्या पायरीवर पाय ठेवला की तापीतले मासे रांग लावतात, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. एका माशानं तर तिची नदीत पडलेली नथ तोंडात धरून आणून दिली, अन् बदल्यात कणकेच्या दोन गोळ्या जास्तीच्या मागून घेतल्या. सांगणारी अर्थात मनकर्णाबाईच.

शेजारच्या सुलभा मॅडमनी हे जरा जास्तच मनावर घेतलं. चार दिवस खकनारला लग्नाला जायचं होतं, तर आपला गोल्डफिश काचेच्या टाकीसकट त्यांनी बिनधास्त तिच्या घरी आणून ठेवला. नवरा गेल्यापासून त्यांच्या घरात बोलायला तेवढा एक मासाच होता. शाळेतून आलं की दिवसभराचं सगळं त्यालाच सांगायच्या. जाताना दाण्यांची डबी देऊन म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ चिमूटभर, बास.

पाहुण्याला कोणी चिमूटभर वाढतं का? मनकर्णाबाईला काही ते बघवेना. तिनं घाटावर नेते तशी कणीक मळली, वरून तूप लावलं, अन् गोळ्या सोडल्या. मासा खात गेला, ही सोडत गेली.

सकाळी पाहते तर पाणी ताकासारखं गढूळ, अन् मासा टम्म फुगून, पोट वर करून तरंगतोय. कल्ले तेवढे हलत होते. आता सुलभाला तोंड कसं दाखवायचं? तिनं तशीच रिक्षा केली आणि शनवारा चौकाजवळ चुडामणचं माशांचं दुकान गाठलं.

तिथं तिनं सांगितलं की खिडकीत वाघाएवढा बोका येऊन बसला होता, त्याची नजर लागली. चुडामणनं सगळं ऐकून घेतलं.

"बोक्याचं राहू द्या, आजी. खिलवलं काय?"

"दाणेच की."

"सच सांगा. मी भलत्याच रोगाची दवाई देईन, अन् मासा जाईल."

मनकर्णाबाईनं पदर सारखा केला. "कणीक," ती म्हणाली. "तूप लावून. पेरूएवढी."

चुडामण हसला नाही. तो म्हणाला, नदीतल्या माशाला फिरायला अख्खी नदी आहे, हा बिचारा एवढ्याशा काचेत. याला कणीक पचत नाही. कालचं भरून ठेवलेलं पाणी घ्या, टाकीतला तिसरा हिस्सा बदला. दोन दिवस काही म्हणता काही टाकू नका. मग एक हिरवा मटार उकडून, साल काढून, चुरून द्या. उपास हीच त्याची दवाई.

उपासातलं मात्र मनकर्णाबाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी एकादशीच होती. तिनं साबुदाणासुद्धा खाल्ला नाही, कारण काचेतून त्याला दिसलं असतं.

द्वादशीला सकाळी मासा सरळ पोहत होता, पोट साफ होऊन मागे शेपटीहून लांब काळा दोरा सोडत. मनकर्णाबाईनं लगेच एक मटार उकडला. नखानं साल काढली, अन् चुरून टाकीत सोडला. माशानं तो चुरा गट्टम केला, तेव्हा कुठं तिनं चहा टाकला, अन् त्यात साखर तीन चमचे.

सुलभा मॅडम आल्या तेव्हा तिनं काही लपवलं नाही. कणीक, तूप, उलटा मासा, उपास, मटार, सगळं जसंच्या तसं सांगितलं. ऐकता ऐकता सुलभा मॅडमच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

"काकू, तुमचं काही खरं नाही. माशाला एकादशी?"

"अगं, शपथ घेऊन सांगते."

"हो, अन् नथही त्यानंच आणली."

मनकर्णाबाईनं टाकीकडे पाहिलं. मासा कसा झोकात फिरत होता.

"नाही, ती मोठ्या माशानं," ती म्हणाली. "याचं अजून वय कुठं आहे."