बोळवणीची कोंबडी

डालग्याखाली हात घातला आणि रतनबाईच्या बोटांना गार पिसं लागली. तिसरी गेली, मान पाठीवर मुरगळून. कोंबड्यांचा मानमोडी रोगच! तिने कोंबडी पदराखाली लपवली, परसातल्या खड्ड्यात टाकली नि वर माती ओढली. ओसरीवर लेक अंजना वेणी घालत होती. तिला हे कळता कामा नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी लेक माहेरपणाला आली ती दिंद्रुडच्या बाजारातून आईसाठी कोंबडी घेऊनच. निजामाच्या मोगलाईत कोंबड्यांना कुठला आलाय डॉक्टर? रतनबाईच साऱ्या गावाची हकीम. बाजारची कोंबडी पंधरा दिवस वेगळी डाला, तिचं पाणी निराळं ठेवा, असं बायांना ओरडून सांगणारी हीच! पण लेकीची भेट बाजूला कोंडली तर तिला काय वाटेल, म्हणून तिने ती त्याच सांजेला खुराड्यात सोडली. माया नडली, दुसरं काय! पहिली तीच मेली. अंजनाला सांगितलं, मुंगसानं नेली.

अंजनाला सासरी न्यायला आलेला तिचा दीर त्रिंबक रस्त्यावर गाडी जुंपून उभा होता. "वयनी, चला, ऊन व्हायलंय!"

अंजना थेट परसात आली. हातात पाय बांधायची चिंधी. "माय, ही ठिपक्याची कवडी नेते. आत्याबाईला सांगून आलेय."

कवडी दाणे टिपत होती, वरून ठणठणीत. पण तिच्या मागची हिरवी, पातळ शीट रतनबाईला दिसली; रोगाचीच खूण. आत्याबाईच्या, म्हणजे अंजनाच्या सासूच्या, वीस कोंबड्या होत्या. कवडी तिथं गेली की एक उरणार नाही, आणि बोल लागेल तो सुनेला.

"हात लावू नको तिला!"

"कावून?"

"न्हाई द्यायची मला."

अंजनाचा चेहरा उतरला. "लेकीला एक कोंबडी देववंना? मोकळ्या हातानं जाऊ मी?"

"जा."

शब्द तोंडून निघून गेला. खरं सांगावं? पण पोर जन्मभर म्हणेल, मायचं खुराडं मीच रिकामं केलं. नाही, नकोच ते!

अंजना चिंधी टाकून गाडीत जाऊन बसली. रतनबाई राख कालवलेलं पाणी घेऊन मागोमाग धावली. हा रोग पायांवरूनही गावोगाव जातो. गाडीबाहेर लोंबणारे लेकीचे पाय ती बोटाबोटांतून घासू लागली.

"कोंबडी देईना, अन् पाय कावून धुतीस गं?" अंजना रडत म्हणाली.

रतनबाई घोट्यापर्यंत घासतच राहिली.

गाडी निघाली. लेकीनं मागं वळून पाहिलं नाही.

दिवस कलायच्या आत कवडीची मान वाकडी झाली. रतनबाईनं खोल खड्डा खणला, वर चुना पसरला. खुराड्यापाशी ती चिंधी पडली होती. तिने ती उचलली, राखेच्या पाण्यात धुतली आणि वळणीवर वाळत घातली. लेक पुन्हा येईल, तेव्हा लागेल.