आठची बस, दहाची बस

माझी ही गेल्याला सात महिने झाले होते, तेव्हा तिची वही शिलाई मशीनच्या खणात सापडली. दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाची आठ दिवसांची सहल तिनं त्यात आखून ठेवली होती. तिच्या शिवणाच्या दुकानात तिथल्या मिठाच्या पांढऱ्या मैदानाचं कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी तिनं ते उतरवलं नव्हतं.

"बाबा, आपण दोघं जाऊ या," मुलगी म्हणाली. तिला घरात ठमी म्हणतात. विमानाची तिकिटं तिनं काढली. तिथल्या बसची मी काढायची ठरली.

वहीत पाचव्या दिवसापुढे लिहिलं होतं: घाटातून बस, सात तास. आठ वाजता मी, दहा वाजता हे.

ठमी झाली त्या वर्षी समोरच्या घरातलं जोडपं एकाच गाडीत अपघातात गेलं आणि मागे तीन लहान मुलं राहिली. तेव्हापासून हिचा नियम होता, आपण दोघांनी एका गाडीत बसायचं नाही. एकानं तरी उरायचं. लग्नकार्याला ही पुढच्या बसनं, मी मागच्या. मेहुणा म्हणायचा, "ताई आली, भावजी पार्सलनं येताहेत." सगळे हसायचे. पण माझी बस येईपर्यंत ही थांब्यावरून हलायची नाही.

मी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. बाराव्या मजल्यावरच्या पोकळीत लोंबकळताना भीती वाटली नाही, कारण दोर मी स्वतः तपासलेले असायचे. आता मोबाइलवर त्या घाटाचं चित्रण बघताना दर वळणाला मी ते थांबवायचो. रस्ता एका बसपुरता, कडेला कठडा नाही, खाली नुसतं धुकं. त्या बसचे ब्रेक कुणी तपासलेत, मला काय ठाऊक. तरी मी रोज बघायचो.

मी आठच्या बसचं तिकीट माझं काढलं, दहाचं ठमीचं. विमानाबद्दल मात्र गप्प बसलो. वेगळं विमान मागायची लाज वाटली.

रविवारी दुपारी ठमीनं कागद बघितले.

"बाबा, हे चुकलंय. वेळा वेगळ्या पडल्यात."

"चुकलं नाही."

तिनं वही ओढून घेतली, वाचली आणि मिटली. "मी आता तेहतीस वर्षांची आहे. मला दूध कोण पाजणार, अशी काळजी आहे का तुम्हाला?"

"घाट वाईट आहे, ठमे. पुढे मी जातो. काही झालं तर तू तरी उरशील."

"काही झालं तर दोन तासांनी माझी बस तिथूनच जाणार. मी खिडकीतून बघू?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुमच्या लिफ्टला पाच दोर असतात ना?" ती म्हणाली.

"असतात."

"सगळे एकाच डब्याला?"

"मग काय पाच डब्यांना लावणार?"

ती हसली नाही. "मग आपणच का दोन डब्यांत? आई गेली तेव्हा तुम्ही कामावर होता, मी परगावी. नियम पाळला गेला. आपण दोघं उरलो. रात्री घरी जाऊन मी काय करते, विचारलंत कधी?"

मी विचारलं नव्हतं. मी काय करतो ते मला माहीत होतं. हिच्या खुर्चीकडे पाठ करून जेवतो.

मी मोबाइल घेतला. आठची बस रद्द केली. दहाच्या बसमध्ये ठमीची जागा सतरा होती, अठरा रिकामी दिसत होती. बोट त्या चौकोनावर ठेवलं आणि थांबलो. माझी बस येईपर्यंत ही थांब्यावर कशी उभी राहत असेल, ते तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

"दरी कुठल्या बाजूला येते?" मी विचारलं.

"दोन्ही बाजूंना येते, बाबा. वळणं आहेत."

"मग खिडकी मला दे."

"तुम्ही सात तास ड्रायव्हरच्या चुका काढणार."

"काढणारच."

मी बटण दाबलं. भीती गेली नाही. निघायला अजून अकरा दिवस आहेत आणि घाटाचं ते चित्रण मी आज सकाळीही बघितलं. फक्त आता बस वळणावर आली की माझ्या शेजारच्या जागेवर बसलेली ठमीही दिसते, आणि मग पुढचं बघवत नाही.