तीन वेळा कापलेला फोन

तीच मी, तोच माझा धाकटा भाऊ, तेच बोलणं. पण इथून फोन लावला तर मिनिटाला एका चहाचे पैसे, आणि तिकडून, परदेशातून, त्यानं लावला तर मिनिटाला त्याचं एक वेळचं जेवण! हे दर कोण मेला ठरवतो, एकदा भेटूच दे मला. म्हणून मीच घरात नियम केला. त्यानं एकदा वाजवून बंद केला, तर तो बरा आहे. दोनदा वाजवून बंद केला, तर आपण लावायचा. त्याचा फोन उचलायचा मात्र कुणी नाही. चार वर्षं आम्ही हे पाळलं. ती एक घंटी ऐकूनच आई "जेवला असेल" म्हणायची.

मंगळवारी सकाळी मी दुकानात शाळेच्या सदऱ्यांना काजं करत होते. दुपारपर्यंत चाळीस सदरे द्यायचे होते, आणि गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं. आई शेजारी बटणं लावत होती. त्याचा फोन वाजला आणि वाजतच राहिला.

"अगं, उचल की," आई म्हणाली.

"वेडी आहेस का? खिशात बटण दाबलं गेलं असेल गधड्याचं. उचलला की गेले पैसे."

मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आईचा हात फोनपर्यंत पोचला होता, तो बाजूला सारून कापला. मग वाजला नाही. "आली बघ अक्कल," असं मी म्हणाले. माझ्या जिभेला काही हाड?

संध्याकाळी मीच लावला. त्याच्या खोलीतल्या सोबत्यानं उचलला.

"ताई, ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आलेत."

"कसलं ऑपरेशन?"

आम्हाला काहीच ठाऊक नाही, हे तो बोलण्याच्या भरात विसरला होता. मग म्हणाला, घशात गाठ होती, वाईट. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढणं भाग होतं. दोन महिने भावानं आमच्यापासून लपवलं होतं.

"सांगायचा धीरच होत नव्हता त्यांना. सकाळी आत नेताना म्हणाले, आज पैसे जाऊ देत, आईशी बोलून घेतो. तुम्ही कापत होता. नर्स थांबेना."

"आता कधी बोलेल?"

"आवाज नाही येणार, ताई. ऐकू येतंय. फोन त्यांच्या कानाशी धरतो."

तेवढ्यात आई आतून आली आणि तिनं फोन ओढून घेतला.

"कसा आहेस रे? सकाळी ताई कामात होती. आता बोल पोटभर, आपणच लावलाय. बोल ना रे राजा." तिकडून काहीच आलं नाही. आई माझ्याकडे बघून हसली. "रुसलाय वाटतं."

"रुसला नाही गं," मी म्हणाले. "त्याचा गळा कापलाय. आवाज गेला त्याचा, कायमचा. सकाळी तुझ्याशी बोलायला लावत होता. मी बोलू दिलं नाही."

त्याला ऐकू जाऊ नये म्हणून आईनं फोनवर घट्ट हात दाबून धरला, आणि मग रडली.