इनासने गाळलेली ओळ

मी शुभवर्तमानाची एक जुनी मराठी प्रत बोलतेय. माझा जन्म मुंबईच्या एका छापखान्यातला. माजिवड्याच्या इनासने मला ठाण्याच्या बाजारातून घरी आणलं, तेव्हा गावातल्या पाद्रीबाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. छापखाना प्रॉटेस्टंटांचा, आणि पाद्रीबाबा कॅथलिक ना! पण मला चाळून झाल्यावर तेच म्हणाले, "वाच. मात्र नुसतं वाचून ठेवून देऊ नकोस."

पुढे इनासला कल्याण स्टेशनात सांधेवाल्याची नोकरी लागली. येणारी गाडी कुठल्या रुळावर जायची, ते त्याच्या हातातल्या दांड्यावर ठरायचं. जेवणाआधी तो बायकोला, ॲनीला, माझ्यातला एक उतारा वाचून दाखवायचा. तिला अक्षरओळख नव्हती. शेजारणीशी वाजलं, रागाच्या भरात पोराला मारलं, की दोघं माझ्याकडे यायची. मीही स्वतःला त्या घरातली वडीलधारी समजू लागले होते.

अठराशे चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. इनासला एक खोड होती. पाळी सहाला संपायची, पण दहा मिनिटं असतानाच तो घरी निघायचा. पुढच्या पाळीचा भिवा वेळेवर यायचा, त्यामुळे कधी काही बिघडलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र सांधा बाजूच्या रुळाकडे वळवलेला तसाच राहिला. इनासने उंबऱ्यात पाय टाकला आणि जमीन हादरली. मालगाडी बाजूच्या रुळावर शिरून तिथे उभ्या असलेल्या डब्यांवर आदळली होती.

इनास तसाच धावत सुटला. परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं.

"दौलत हमाल गेला," तो ॲनीला म्हणाला. "दोन डब्यांच्या मधे सापडला."

"आणि तुला कुणी काही विचारलं?"

"साहेबाने विचारलं. मी सांगितलं, दांडा भिवाला सोपवून निघालेलो."

भिवा नुकताच दांड्यापाशी पोचला होता, आणि धडाक्यानंतर सगळ्यांनी तिथे त्यालाच पाहिलं होतं. त्याला त्याच दिवशी कोठडीत टाकलं.

पुढचे आठ दिवस इनासने मला जितकं उघडलं, तितकं आधीच्या वर्षात उघडलं नसेल. दयेची पानं काढायचा, क्षमेची काढायचा. गप्प राहायला मुभा देणारी एखादी ओळ कुठेतरी असेल, म्हणून हुडकत राहायचा. त्याच्या बोटांच्या घामाने माझे कोपरे मऊ पडले. ॲनी चुलीपाशी बसून बघायची. धडाका झाला तेव्हा नवरा उंबऱ्यात होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

भिवाच्या खटल्यात इनासची साक्ष होती, तिच्या आदल्या दुपारी ती समोर येऊन बसली. "आज वाचलं नाहीस. वाच."

त्याने हाताला लागेल ते पान उघडलं. तो येशूकडे आलेल्या श्रीमंत तरुणाचा प्रसंग निघाला. त्यात देवाच्या आज्ञा येतात, एकीमागून एक. खुनाची झाली, व्यभिचाराची झाली, चोरीची झाली, आणि इनास थेट आईबापांच्या मानावर गेला.

"एक राहिली," ॲनी म्हणाली.

"कुठली?"

"मला वाचता येत नाही, इनास. पण लहानपणी पाद्रीबाबांच्या देवळात सगळ्या पाठ केल्यात. 'खोटी साक्ष देऊ नको', ही राहिली."

इनासचा आवाज चढला. "मी आत गेलो तर पोरांनी काय खायचं? ते लिहिलंय का यात?"

"मीही आठ दिवस तेच म्हणतेय मनात. म्हणून तर गप राहिले," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून धार लागली होती. "पण भिवाच्या बायकोला, बायजालाही दोन पोरं आहेत रे."

त्याने मला इतक्या जोरात मिटलं की माझ्या पाठीचा दोरा तुटला.

मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत शपथेसाठी इंग्रजी पुस्तक होतं. इनासने मला पुढे केलं. "साहेब, यातलं मला कळतं." त्याचा तळवा माझ्यावर टेकला. हा खोटं बोलणार, असंच मला वाटलं. मला काही करता येत नव्हतं.

"सहाच्या सुमाराला दांडा भिवाच्या ताब्यात होता?" वकिलाने विचारलं.

पिंजऱ्यातला भिवा माझ्याकडे टक लावून बघत होता.

"नाही," इनास म्हणाला. "मी आधीच घरी गेलेलो. सांधा माझ्या हातून राहिला. भिवावर आळ मी घातला."

इनासला दीड वर्षाची सजा झाली. ॲनी रेल्वेचं घर रिकामं करत असताना भिवा दारात आला.

"आठ दिस मी कोठडीत होतो, वहिनी. तेवढे दिस तो हे पुस्तकच वाचत होता ना? मग?"

ॲनीने मला फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. तरी पेटी बैलगाडीत त्यानेच चढवली.

आता मी माजिवड्याच्या घरात फळीवर असते. कागद पिवळा पडलाय, फार दिवस उरले नाहीत. मुलं येता-जाता मला कपाळाला लावतात. बाळांनो, कपाळाला लावा, पण जी ओळ नकोशी वाटेल ती मोठ्याने वाचा. निरोप घेण्याआधी अजून एकच सांगते.

तुरुंगातून सुटून घरी आला, तसा इनास मला झोळीत घालून सगळ्यात आधी टिटवाळ्याला गेला, दौलतच्या आईकडे. आपण कोण, ते त्याने दारातच सांगितलं. म्हातारी तांदूळ पाखडत होती; हातातलं सूप तिने उंबऱ्यावर ठेवलं.

"शेवटी माझं नाव घेतलं का रं दौलतनं?"

हो म्हणणं किती सोपं होतं! खरं सांगते, त्याने हो म्हणावं असं मलाही वाटलं.

"नाही, माय. पाणी मागितलं."

"कुनी दिलं?"

"मी."

"किती प्याला?"

"दोन घोट."

म्हातारीने उंबऱ्यावरचं सूप बाजूला सारलं.

"बस," ती म्हणाली. "पयल्यापासून सांग."