डाव्या खांद्याचं इंग्रजी

परदेशी मारामारीच्या चित्रपटांना मराठी तोंड द्यायचं, हा त्याचा धंदा. सगळी गल्ली त्याला इंग्रजीमास्तर म्हणायची, आणि मास्तरला इंग्रजी येत नव्हतं. ही गोष्ट दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. खरं सांगायचं तर त्याची त्यालाही पुरती ठाऊक नव्हती, आणि सगळा घात तिथंच झाला.

भिंतींना जाड स्पंज लावलेल्या कोंदट खोलीत तो दिवसभर बसायचा. पडद्यावरचा गुंड बोलायला लागला की मास्तर त्याचे ओठ बघायचा. तोंड उघडलं की 'आ'काराचा शब्द, ओठ मिटले की प, ब नाहीतर म. गुंडानं आईची आठवण काढली काय आणि शिवी हासडली काय, मास्तर फक्त लांबी जुळवायचा. "ओठाला ओठ लागला म्हणजे झालं, अर्थ कोण बघायला येतो?" असं तो छाती पुढे काढून सांगायचा, आणि चित्रपट चालायचेही. एकेक वाक्य शंभरदा मागेपुढे करून ऐकल्यामुळे मूळ इंग्रजी त्याला चढउतारासकट तोंडपाठ झालं होतं. अर्थ विचारला की तो आपण लिहिलेलं मराठी ऐकवायचा. खोटं बोलायचा नाही बिचारा, त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

त्याचा धाकटा भाऊ पहिलवान. मातीतला नव्हे, दोरांच्या रिंगणातला. ही तिकिटाची कुस्ती नुरा असते, म्हणजे कोण पडणार आणि कसा पडणार हे आधीच ठरलेलं. त्या दिवशी त्याच्यासमोर एक परदेशी पहिलवान होता. दाढी तांबडी म्हणून सगळे त्याला तांबड्याच म्हणत. भरपूर आदळआपट करायची आणि शेवटी आपल्या पहिलवानानं पडायचं, असा ठराव होता. अडचण एकच होती. आपल्या पहिलवानाचा डावा खांदा नुकताच निखळून पुन्हा बसवलेला होता. पुन्हा निसटला तर हात जन्माचा लोंबेल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. आयोजकाला हे सांगायची सोय नव्हती, कारण लंगड्या घोड्याला तो पुन्हा दारात उभं करत नसे.

"भाऊजी, तुम्हीच त्या तांबड्याला गुपचूप सांगा," पहिलवानाची बायको म्हणाली. "डावा खांदा सोडून कुठंही आपट म्हणावं. मला यांचा हात हवाय हो."

"अगं, कशाला घाबरतेस?" पहिलवान हसला. "दादा इंग्रजी बोलायला लागला की तांबड्या आ वासून बघत राहील."

आता या भरवशापुढं माणूस काय बोलणार? मास्तर उठला आणि तांबड्याच्या खोलीत गेला.

तांबड्या हाताला पट्ट्या गुंडाळत होता. आरशाच्या चौकटीत त्यानं एका लहान मुलीचा फोटो खोचला होता. मास्तरला बघून तो मोकळा हसला आणि त्यानं स्टूल पुढे सरकवलं. मास्तर त्यावर टेकला. पोटात शब्द हजार, पण कामाचा एक नाही. मग त्याला एक प्रसंग आठवला. मंद संगीत चालू आहे, एक म्हातारा दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून हळुवार हसत बोलतोय. त्या जागी मास्तरनं लिहिलं होतं, "माझा भाऊ आहे हा, हाडाचा नाजूक, याला जप." देवच पावला!

त्यानं भिंतीवरच्या जाहिरातीतल्या भावाच्या चित्रावर बोट ठेवलं. स्वतःचा डावा खांदा दोनदा थोपटला. आणि म्हाताऱ्यासारखाच हळुवार हसून त्यानं ते वाक्य अस्खलित म्हटलं.

मूळ चित्रपटात तो म्हातारा खलनायक होता. त्याच्या वाक्याचा अर्थ होता, "आज या डाव्या हातानं तुझी कबर खणणार, आणि तुझं पोर ती बघणार."

तांबड्याचं हसू मावळलं. त्यानं एकदा आरशातल्या फोटोकडं बघितलं, एकदा मास्तरकडं, आणि सावकाश मान हलवली. समजलं म्हणायचं! मास्तर बाहेर आला आणि भावजयीला म्हणाला, "काम फत्ते."

घंटा झाली. घाबरलेला माणूस नुरा खेळत नसतो. तांबड्या धावतच आला आणि त्यानं पहिला ठोसा असा हाणला की पहिलवानाचा दात उडून प्रेक्षकांत गेला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पहिलवान अजून हसतच होता, त्याला वाटलं गडी रंगात आलाय. दुसऱ्या ठोशानं भुवई फाटली आणि रक्तानं त्याचा एक डोळा मिटला. तिसऱ्यांदा तांबड्यानं त्याला पालथा पाडला, पाठीवर गुडघा रोवला आणि डावा हात धरून मागं पिळला.

"खांदा! अरे खांदा सोड!" भावजय ओरडली.

मास्तर दोरांपाशी धावला. "बास रे, सोड आता त्याला" यासाठी त्याच्याकडं एक हुकमी वाक्य होतं. गळ्याच्या शिरा ताणून तो इंग्रजीत ओरडला. त्याचा खरा अर्थ होता, "ऊठ, आणि याचा जीव घे!"

तांबड्या दचकला आणि त्यानं सगळा जोर लावला. मास्तर आणखी ओरडला, त्यानं आणखी पिळलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. पहिलवानाची किंकाळी ऐकून लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. ते नाटक नाही हे तिकीट काढलेल्या एकालाही कळलं नाही.

आतल्या खोलीत पहिलवान बाकावर आडवा होता. डावा हात बाकाखाली लोंबत होता आणि बोटं हलत नव्हती. बायको त्याच्या तोंडावरचं रक्त पुसत होती. दार उघडून तांबड्या आत आला. त्याचे डोळे लाल झाले होते. मास्तरकडं बघत तो खूप वेळ बोलला.

"काय म्हणतोय, दादा?" पहिलवानानं कण्हत विचारलं.

मास्तरला भयंकर भीती वाटली. सवयीनं त्याची नजर तांबड्याच्या ओठांवर गेली. "म्हणतोय, भान राहिलं नाही," तो म्हणाला. "मनापासून माफी मागतोय. असा मर्द गडी आपण पाहिला नाही म्हणतोय." लांबी बरोबर जुळली.

पहिलवानानं उजवा हात पुढं केला. "सांग त्याला, माझ्या मनात काही नाही."

तांबड्यानं तो हात घेतला नाही. त्यानं मास्तरकडं बोट दाखवलं. मग स्वतःचा डावा खांदा दोनदा थोपटला, मास्तरनं थोपटला होता अगदी तसाच, आणि तेच हळुवार हसू चेहऱ्यावर आणलं. मग गळ्यावरून आडवा अंगठा फिरवला. शेवटी खिशातून मुलीचा फोटो काढला आणि छातीशी घट्ट धरून तो हुंदके द्यायला लागला.

भावजयीचा हात पुसता पुसता थांबला. पहिलवानानं पुढं केलेला हात मागं घेतला आणि उघड्या राहिलेल्या एका डोळ्यानं तो भावाकडं बघत राहिला.

"दादा," तो म्हणाला, "आता याचं मराठी कर."